तुरळक ठिकाणी

काही वर्षांपूर्वी मार्च संपता संपता नारायण पेठेतल्या एका शाळेत शिक्षकांशी गप्पा मारायला आम्हाला बोलावले होते. विषय ठरला होता हवामानाची उपकरणे. पण चहा येण्याआधीच भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी वर्तमानपत्राचे कात्रण आमच्यापुढे ठेवले. त्यात लिहिले होते : ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता.’

‘‘शनिवारी आठवीच्या मुलांना सिंहगडावर न्यायचंय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मागच्या वर्षी असाच अंदाज वाचून सहल रद्द केली आणि शाळेत एक थेंब पडला नाही. मुलं रुसली, पालक हसले. या वर्षी काय करू ते सांगा. उपकरणं राहू देत.’’

खरे तर या शाळेपासून नदीपलीकडे दोनेक किलोमीटरवर हवामान खात्याचे पुण्यातले कार्यालय आहे. १९२८ साली ते सिमल्याहून इथे आले, म्हणून जुने पुणेकर अजूनही त्याला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पाषाणला, पाच-सहा किलोमीटरवर, १९६२ साली सुरू झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था आहे. एवढी सगळी मंडळी हाकेच्या अंतरावर असताना नारायण पेठेत शनिवारी पाऊस पडेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, ही गोष्ट बाईंना चमत्कारिक वाटत होती. आम्हालाही ती नीट समजावून सांगता येईल की नाही, शंका होती. तरी प्रयत्न केला. त्याच गप्पा इथे थोड्या विस्ताराने मांडतो आहोत.

सुरुवात ‘तुरळक’ या शब्दापासून करू. आपण हा शब्द ‘थोडासा’ या अर्थाने वाचतो. हवामान खात्याच्या भाषेत त्याला ठरलेला अर्थ आहे आणि तो पाऊस किती पडेल याबद्दल नाही, किती जागी पडेल याबद्दल आहे. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. पाव ते निम्म्या केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’, निम्म्या ते पाऊण केंद्रांवर असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘बहुतेक ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ या अंदाजातच हे सांगितलेले असते, की शंभरातली किमान पंचाहत्तर ठिकाणे कोरडी राहतील. शिवाय मध्य महाराष्ट्र हा विभाग धुळे-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला आहे. नारायण पेठेचा त्यात वाटा केवढा?

एक हिशेब मांडून पाहू. पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आहे. समजा, एका दुपारी जिल्ह्यात चांगले दहा गडगडाटी ढग तयार झाले आणि प्रत्येकाने वाटेत १०० चौरस किलोमीटर जमीन भिजवली. म्हणजे एकूण १,००० चौरस किलोमीटर. जिल्ह्याचा हा जेमतेम साडेसहा टक्के भाग झाला. अशा दिवशी जिल्ह्यात दहा ठिकाणी झाडे पडतील, पत्रे उडतील, वर्तमानपत्रात फोटो येतील. आणि तरीही शंभरातले त्र्याण्णव लोक म्हणतील, ‘‘कुठे आला पाऊस?’’ अंदाज अगदी तंतोतंत बरोबर आला, तरी!

जुलैतल्या पावसाची गोष्ट वेगळी. त्या ढगांची चादर शेकडो किलोमीटर लांबीरुंदीची असते आणि वाऱ्याची दिशाही ठरलेली असते. तेव्हा लोणावळ्याला धो धो आणि पुण्यात भुरभुर हे दर वर्षीचे ठरलेलेच. वळवाचे तसे नाही. तो घाटावर पडेल की देशावर, पूर्वेकडून येईल की दक्षिणेकडून, याला धरबंध नसतो. असे का होते, हे समजायला ढग उभा कसा राहतो ते पाहावे लागेल.

मार्च ते मे या महिन्यांत दख्खनच्या पठारावरची जमीन भाजून निघते. तिला टेकलेली हवा तापते, हलकी होते आणि वर चढू लागते. वर दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटर चढाईला सुमारे १० अंश सेल्सियसने थंड होते. चढता चढता ती इतकी थंड होते की तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते. तिथे ढगाचा तळ असतो. पावसाळ्यात हा तळ डोंगरमाथ्याला टेकतो, उन्हाळ्यात मात्र तो दोन-तीन किलोमीटर उंचीवर असतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. या उष्णतेमुळे ढगातली हवा आता किलोमीटरला १० अंशांनी थंड न होता बरीच हळूहळू थंड होते. त्यामुळे ती आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी वर उसळते. ती जितकी वर जाईल तितकी जास्त वाफ गोठेल, जितकी वाफ गोठेल तितकी जास्त उष्णता सुटेल. कोबीच्या गड्ड्यासारखा दिसणारा ढग तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीला पोचतो आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो.

या उष्णतेची कल्पना यावी म्हणून आणखी एक हिशेब. समजा, एका ढगाने २० चौरस किलोमीटरवर २५ मिलिमीटर पाऊस पाडला. हे पाणी झाले पाच लाख टन. ते वाफेतून तयार होताना सुटलेली उष्णता विजेच्या मापात सांगायची तर सुमारे ३५ कोटी युनिट भरते. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने रात्रंदिवस चालवला तर एवढी वीज तयार करायला त्याला सुमारे साडेसात दिवस लागतील. तो ढग हे काम तासाभरात उरकून विरून जातो. (हा आकडा वर्गात मुलांकडून काढून घ्यावा. कॅलरी, ज्यूल आणि युनिट यांची सांगड घालायला इतके चांगले उदाहरण सहसा मिळत नाही.)

मग रोज दुपारी असे ढग का उभे राहत नाहीत? ऊन तर रोजच असते. एक कारण अर्थातच वाफेची टंचाई. मार्च-एप्रिलमध्ये देशावरची हवा बहुतेक वेळा कोरडी ठणठणीत असते. दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर उंचीवर पुष्कळदा उबदार, कोरड्या हवेचा एक थर असतो. खालून चढणारी हवा त्या थराशी पोचली की तिथल्या हवेपेक्षा ती गार ठरते आणि थबकते. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा थर काम करतो. ज्या दिवशी खाली वाफ भरपूर आहे आणि झाकणही पक्के आहे, त्या दिवशी दुपारभर उकडून जीव नकोसा होतो, पण पाऊस येत नाही. झाकण कुठेतरी एका जागी फुटले, तर मात्र सगळी कोंडलेली वाफ तिथूनच सुसाट वर जाते. झाकण आज आहे की नाही, हे सांगता येते. ते कुठे फुटेल, हे सांगणे अवघड.

वाफ येते दोन समुद्रांवरून. या दिवसांत अरबी समुद्राकडून पश्चिमेचे वारे आणि बंगालच्या उपसागराकडून आग्नेयेचे वारे पठारावर समोरासमोर येतात. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून दक्षिणेकडे जाणारी अशी एक रेषा नकाशावर काढता येते, जिच्या दोन्ही बाजूंना वारे वेगवेगळ्या दिशांचे असतात. बातम्यांत ‘द्रोणीय रेषा’ किंवा ‘वाऱ्यांची खंडितता’ असे शब्द येतात ते याबद्दल. ही रेषा कधी पूर्वेला सरकते, कधी पश्चिमेला. ती ज्या भागात असेल तिथे हवा एकवटते आणि वर ढकलली जाते.

आता डोंगराकडे वळू, कारण बाईंची सहल डोंगरावर जाणार होती. पाठ्यपुस्तकात ‘दरीय वारे’ आणि ‘पर्वतीय वारे’ असे दोन परिच्छेद असतात, मुले ते पाठ करतात आणि विसरतात. त्यातला मुद्दा सिंहगडावर प्रत्यक्ष भेटतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, सिंहगड १,३१२ मीटरवर. पुण्याच्या डोक्यावर त्याच उंचीवर मोकळी हवा आहे, तिला तापवायला जवळ काही नाही. गडाच्या उतारावरचा काळा कातळ मात्र सकाळपासून उन्हात तापतो आहे. त्यामुळे त्याच उंचीवर गडाला टेकलेली हवा शहरावरच्या हवेपेक्षा उबदार होते आणि उताराला धरून वर चढते. म्हणून दुपारचे पहिले ढग माथ्यांवर दिसतात. सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर अशी ओळ आपल्याकडे आहेच. डोंगर म्हणजे एका अर्थी झाकण उघडायच्या जागा.

यात भर घालतात ते खारे वारे. किनाऱ्यावर सकाळी उशिरा सुरू झालेले समुद्राचे वारे कोकण ओलांडून दुपारी सह्याद्रीच्या पायथ्याशी येतात, खिंडींतून आणि नद्यांच्या खोऱ्यांतून वर चढतात आणि संध्याकाळी पुण्यात पोचतात. उन्हाळ्यात पाच-सहाच्या सुमारास अचानक पश्चिमेची झुळूक येऊन पुणेकर गॅलरीत येऊन बसतात, ती हीच. समुद्रापासून शंभर किलोमीटरवर! या दमट आणि थोड्या गार हवेची कड पठारावरच्या तापलेल्या हवेखाली पाचरीसारखी शिरते आणि तिला वर उचलते. संध्याकाळचे वळीव पुष्कळदा असे सुरू होतात.

आणि एकदा एक ढग कोसळला की तो दुसऱ्याला जन्म देतो. उंच तळाच्या ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाफ होऊन जातात. त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, हवा गार होते, जड होते आणि धाडकन जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पावसाआधी धुळीचा लोट येतो, दारे आपटतात, ते या वाऱ्यामुळे. हा वारा दहा-वीस किलोमीटर दूर जाऊन तिथली गरम हवा उचलतो. म्हणजे खेड-मंचरचा ढग तळेगाव-चाकणला नवा ढग उभा करू शकतो. मूळ ढग जरा अलीकडे-पलीकडे झाला असता, तर पुढची सारी साखळी बदलली असती.

अंदाज करणाऱ्यांची अडचण इथे आहे. वरच्या हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजायला फुगे सोडतात, ते पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या ठरल्या वेळांच्या सुमारास आणि मोजक्याच ठिकाणांहून. मुंबई आणि नागपूर यांच्यामध्ये सुमारे सातशे किलोमीटर अंतर आहे. मधल्या हवेची माहिती एखाद-दुसऱ्या फुग्यावरून, उपग्रहांवरून आणि रडारवरून भरून काढावी लागते. मग संगणक सगळ्या देशावर चौकटी आखून गणित करतो. पाषाणच्या संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये कामाला लागलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरच्या चौकटी वापरते. त्याआधी त्या १२ किलोमीटरच्या होत्या. ही मोठीच प्रगती आहे. पण सहा किलोमीटरच्या चौकटीत सिंहगडाचा कडा आणि त्याखालची दरी यांची सरासरी होऊन एक बुटका उंचवटा तेवढा उरतो. ढगाचा मधला, वर उसळणारा झोत तर बहुधा चौकटीपेक्षाही लहान असतो.

म्हणून अंदाजाचे दोन प्रकार करावे लागतात. दोन-तीन दिवस आधी फक्त एवढे सांगता येते, की अमुक जिल्ह्यांत वळवाला अनुकूल परिस्थिती आहे. ढग उभे राहिल्यावर रडारवर ते दिसतात, तेव्हा पुढच्या तीन तासांपुरता नेमका इशारा देता येतो. ‘नाऊकास्ट’ म्हणतात तो हाच. त्याच्या जोडीला वीज कुठे पडते आहे हे दाखवणारे ‘दामिनी’ हे पाषाणच्या संस्थेचे मोबाइलवरचे साधन आहे. सहल ठरवायला पहिला अंदाज वापरायचा आणि गडावर असताना दुसरा.

फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट हा थोडा वेगळा प्रकार. तेव्हा उत्तरेकडचे पश्चिमी विक्षोभ नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरतात आणि वरच्या थरांत गार हवा आणतात. आपल्याकडे शून्य अंश तापमानाची पातळी साधारण चार-पाच किलोमीटर उंचीवर असते. गारा तिच्यावर वाढतात आणि खाली येताना उबदार हवेत वितळतात. वरचे थर गार असले की ढगाचा अधिक भाग गोठण-पातळीच्या वर राहतो आणि मोठ्या गारा जमिनीपर्यंत शिल्लक राहतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात दोन-अडीच आठवडे अशी गारपीट होत राहिली. काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे लाखो हेक्टरांवर झोपली. गारा माणसेही मारतात, हे आपण विसरतो. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद परिसरात एका गारपिटीने २४६ माणसे दगावल्याची नोंद आहे.

यावर एका तरुण सरांनी विचारले, ‘‘मग तुमचे अंदाज किती टक्के बरोबर येतात, ते सांगा की.’’ प्रश्न रास्त होता, पण टक्केवारी फसवी असते. अमेरिकेत १८८४ साली जॉन फिन्ले नावाच्या सैन्यातल्या हवामान निरीक्षकाने चक्रवाती वादळांचे म्हणजे टॉर्नेडोंचे २,८०३ अंदाज केले आणि ते ९६.६ टक्के बरोबर आल्याचे जाहीर केले. लोक थक्क झाले. मग कुणीतरी दाखवून दिले, की रोज डोळे मिटून ‘आज वादळ नाही’ असे म्हटले असते तर ९८.२ टक्के बरोबर आले असते! वादळे एकूण ५१ झाली होती. त्यांतली २८ फिन्लेने आधी सांगितली, २३ हुकली. आणि ७२ वेळा सांगितले पण वादळ झाले नाही. डोळे मिटणाऱ्याने ५१ च्या ५१ हुकवली असती. पुण्यात एप्रिल महिनाभर ‘पाऊस नाही’ म्हणणारा माणूसही असाच फार हुशार ठरतो. त्यामुळे अंदाज तपासायचा तर चार खाने करावेत : सांगितला आणि पडला, सांगितला पण पडला नाही, सांगितला नाही पण पडला, सांगितला नाही आणि पडला नाही. चौथ्या खान्यावर कुणी मोठेपणा मिरवू नये.

आता प्रश्न उरतो तो ‘सांगितला पण पडला नाही’ या दुसऱ्या खान्याचा. बाईंची रद्द झालेली सहल या खान्यात बसत होती. त्याकडे कसे पाहायचे, हे आम्ही जुन्नरच्या एका शेतकऱ्याकडून शिकलो. उन्हाळी कांदा काढून त्यांनी शेतातच सुकायला ठेवला होता. अंदाज तुरळक पावसाचा. त्यांनी ताडपत्री घातली, पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. आम्ही म्हटले, अंदाज चुकला ना? ते म्हणाले, ‘‘चुकला तर मजुरी गेली. न घालता बरोबर आला असता तर कांदा गेला असता.’’ आकडे आपण घालू. समजा, ताडपत्री घालायला-काढायला ५०० रुपये आणि कांदा भिजला तर नुकसान २०,००० रुपये. वीस वेळा ताडपत्री घातली आणि पाऊस एकदाच आला, तर खर्च १०,०००, वाचले २०,०००. म्हणजे पावसाची शक्यता विसात एक असली तरी ताडपत्री घालणेच शहाणपणाचे. हाच अंदाज वाचून कपडे वाळत घालणाऱ्याने मात्र खुशाल कपडे बाहेर घालावेत. अंदाज तोच, निर्णय वेगवेगळे, कारण पणाला लागलेली गोष्ट वेगवेगळी.

चाळीस मुले उघड्या माथ्यावर असताना पणाला काय लागते, हे शिक्षकांना सांगायला नको. भारतात दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसे वीज पडून मरतात. त्यात शेतात, झाडाखाली, माळावर असलेले जास्त. गडावरची पत्र्याची टपरी किंवा देवळाचा उघडा सभामंडप हा विजेपासून आसरा नव्हे. बंद बस हा चांगला आसरा. वीज दिसल्यावर सेकंद मोजावेत. आवाज एक किलोमीटर यायला तीन सेकंद घेतो, म्हणून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या डोक्यावर असू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

पण सहल रद्द करायची तरी काय गरज? वळवाची वेळ दुपारनंतरची. सकाळी झाकण पक्के असते. आम्ही बाईंना एवढेच सुचवले, की सहल सकाळी सहाला काढा आणि बारापर्यंत मुलांना गडाखाली बसमध्ये बसवा. आणि एक काम दिले. मुलांनी एकाच जाडीच्या सरळ बाटल्यांची पर्जन्यमापके करून आपापल्या घराच्या गच्चीवर ठेवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पाणी मोजायचे. खात्याचीही चोवीस तासांची मोजणी साडेआठलाच होते, म्हणून काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेवर लागतो. हे माहीत नसले की नोंदी जुळत नाहीत आणि भांडणे होतात.

शनिवारी सहल ठरल्या वेळी गेली आणि परत आली. तीनच्या सुमारास दक्षिणेकडे ढग चढले. गडावर पाऊस झाला नाही, खेड-शिवापूरकडे झाला. रविवारी सकाळी नारायण, सदाशिव आणि शनिवार पेठेतल्या सगळ्या बाटल्या कोरड्या होत्या. धायरीला राहणाऱ्या एका मुलीच्या बाटलीत ११ मिलिमीटर पाणी होते, तिच्याच पुढच्या गल्लीतल्या मुलाच्या बाटलीत ४. सोमवारी बाईंनी हे आकडे फळ्यावरच्या नकाशात भरले आणि शेजारी वर्तमानपत्राचे ते कात्रण चिकटवले.